न्यायासनाचा दुखवटा

उच्च न्यायालयात वर्षातून काही मोजक्या वेळा अशी एक बैठक भरते की, जिला खटल्याचा क्रमांक नसतो, जिच्यात वादी-प्रतिवादी नसतात आणि जिच्या अखेरीस कोणताही हुकूमनामा निघत नाही. तरीही त्या बैठकीस न्यायालयातील झाडून सारे न्यायाधीश आपापल्या ज्येष्ठतेच्या क्रमाने एकाच उच्चासनावर ओळीने येऊन बसतात, पुढे दंडधारी चोपदार चालतात, वकील आपल्या काळ्या झग्यांनिशी आणि गळ्यातील पांढऱ्या पट्ट्यांनिशी कक्ष भरून टाकतात, आणि एरवी पक्षकारांच्या वाट्यास येणाऱ्या खुर्च्यांवर त्या दिवशी कोणा एका कुटुंबातील माणसे बसलेली असतात. वकिलांच्या बोलीत हिला ‘फुल कोर्ट रेफरन्स’ म्हणतात. दिवंगत न्यायाधीशास न्यायालयाने वाहावयाची जी औपचारिक श्रद्धांजली, ती हीच. प्रथम राज्याचा महाधिवक्ता उठतो, त्याच्यामागून वकील परिषदेचे व वकिलांच्या निरनिराळ्या संघांचे अध्यक्ष बोलतात, सर्वांच्या शेवटी मुख्य न्यायमूर्ती न्यायासनावरून उत्तरादाखल बोलतात. मग सारा कक्ष दोन मिनिटे स्तब्ध उभा राहतो आणि न्यायालय उठते. भाषणांची प्रत पुढे यथावकाश कुटुंबीयांकडे रवाना होते, आणि मूळ कागद दफ्तरी दाखल होतो.

ज्या संस्थेचे सारे सामर्थ्य वादाचा निर्णय करण्यात आहे, तिने निर्णय न करता केवळ बोलण्यासाठी बसावे, हा प्रघात आपल्या जुन्या राजवटीत नव्हता. पेशवाईत न्यायाधीशी हा सरकारचा एक हुद्दा होता. तो हुजुरातून मिळे आणि त्याचा मानमरातबही हुजुरातूनच येई. न्यायाधीशाभोवती समव्यवसायी सहकाऱ्यांचे मंडळ नव्हते, समोर संघटित वकीलवर्ग नव्हता, आणि त्यामुळे त्याच्या मृत्यूनंतर ‘आम्ही त्याचे सोबती’ म्हणून उभे राहून बोलणारे असे कोणी असण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. गेलेल्या सेवकाची कदर त्या काळी सनदेने होई: वंशजांकडे वर्षासन चालू ठेवणे, इनाम कायम करणे, रणांगणावर पडलेल्याच्या मुलाबाळांस बालपरवेशी देणे, असे ते व्यवहारी सन्मान होते, आणि आजच्या पुष्कळशा सन्मानांपेक्षा ते वारसांच्या अधिक उपयोगी पडत, हेही कबूल केले पाहिजे. नारायणराव पेशव्यांच्या वधाबद्दल राघोबादादांस देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री प्रभुणे १७८९ साली निवर्तले. त्यांचे स्मरण जनतेने आख्यायिकांच्या रूपाने केले, आणि ते इतके उत्तम केले की, महाराष्ट्रात अद्यापही निःस्पृह न्यायाधीशाचे माप म्हणून दुसरे नाव घेण्याची गरज पडत नाही. परंतु ते स्मरण अदालतीचे नव्हते. ते कीर्तनकारांचे, बखरकारांचे आणि शाळामास्तरांचे होते.

औपचारिक दुखवट्याची ही रीत इंग्रजी न्यायालयांबरोबर आली. तेथे न्यायाधीश हा वकीलवर्गातूनच वर चढलेला, त्यांच्याच भोजनगृहात जेवलेला, त्यांच्यातलाच एक असे. म्हणून त्याच्या निवृत्तीच्या वा निधनाच्या प्रसंगी वकीलवर्गाच्या अग्रणीने उभे राहून दोन शब्द बोलावे आणि न्यायासनाने त्यांस उत्तर द्यावे, हे ओघानेच आले. मरणाशी त्या व्यवसायाचे नाते त्याच्या पोशाखातही आहे, असा एक जुना विनोद इंग्लंडात प्रचलित आहे: एका राणीच्या निधनानिमित्त वकिलांनी सुतकाचा काळा झगा चढविला आणि पुढे तो उतरविण्याचे कोणास सुचलेच नाही. राणी कोणती याविषयी विनोद सांगणाऱ्यांत एकमत नाही, आणि इतिहासकार या गोष्टीवर फारसा विश्वास ठेवीत नाहीत. पण मुंबईच्या वैशाखात तो झगा अंगावर वागविणाऱ्या वकिलास ती खरी वाटत असल्यास त्यास दोष देता येणार नाही.

मुंबईत राजाच्या सनदेने चालणारे न्यायालय १७९८ साली रेकॉर्डरच्या कोर्टाच्या रूपाने नव्याने उभे राहिले, आणि त्याचे पहिले रेकॉर्डर सर विल्यम सायर हे चार वर्षांतच, १८०२ साली, मुंबईतच मरण पावले. येथल्या हवेने या नव्या कोर्टाच्या विलायती न्यायाधीशांची घेतलेली ही पहिली आहुती. १८२४ मध्ये रेकॉर्डरच्या कोर्टाचे सुप्रीम कोर्ट झाले, आणि त्याचे पहिले मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट हे १८२८ च्या ऑगस्टात वारले. वेस्ट यांचे मरण नुसते एका हुद्देदाराचे मरण नव्हते. कंपनी सरकारच्या अंमलदारांस कायद्याच्या चौकटीत ठेवण्याचा आग्रह धरल्यामुळे सरकारदरबारी ते अप्रिय झाले होते, आणि ज्या कारणाने ते तेथे अप्रिय झाले त्याच कारणाने शहरातील एतद्देशीय रहिवाशांस ते आपले वाटत होते. त्यांच्या पश्चात मुंबईच्या देशी नागरिकांनी मागे राहिलेल्या न्यायाधीशांस उद्देशून मानपत्रवजा शोकपत्र सादर केले आणि वर्गणी काढून निधी जमविला. त्यातून निघालेल्या वेस्ट यांच्या नावाच्या शिष्यवृत्त्या एल्फिन्स्टन विद्यालयात पुढे दीर्घकाळ चालू राहिल्या.

त्या वर्षाचा उत्तरार्ध सुप्रीम कोर्टावर विलक्षण कोसळला. पुण्यातील एका सरदार घराण्यातील मोरो रघुनाथ नावाच्या अल्पवयीन मुलास न्यायालयापुढे हजर करण्याच्या हुकमावरून गव्हर्नर सर जॉन माल्कम आणि न्यायाधीश यांच्यामध्ये उघड बिघाड झाला. मुंबई बेटाबाहेर कोर्टाचा असला हुकूम चालू देणार नाही, अशा आशयाचे पत्र गव्हर्नराकडून ऑक्टोबरच्या आरंभी न्यायाधीशांच्या हाती पडले. आणि दहा-बारा दिवस लोटतात न लोटतात तोच दुसरे न्यायाधीश सर चार्ल्स चेंबर्स हेही मृत्युमुखी पडले. तीन न्यायाधीशांच्या कोर्टात सर जॉन पीटर ग्रँट एकटे उरले. सरकार आपले हुकूम अमलात आणू देत नाही, म्हणून १८२९ च्या एप्रिलात त्यांनी न्यायालयाचे दरवाजेच बंद केले. पुढे विलायतेत प्रिव्ही कौन्सिलाने निर्णय सरकारच्या बाजूने दिला. मृत न्यायाधीशांचा मान राखणे याचा अर्थ त्यांनी धरलेला मुद्दा सोडून न देणे, असा ग्रँट यांनी केला असे मला वाटते. कायद्यात ते हरले, याने त्या अर्थाची किंमत कमी होत नाही.

१८६२ च्या ऑगस्टात सुप्रीम कोर्ट आणि सदर अदालत यांचे विसर्जन होऊन मुंबईचे उच्च न्यायालय अस्तित्वात आले. यानंतर दुखवट्याच्या या विधीला जे वळण लागले ते विलायती वहिवाटीत अभिप्रेत नव्हते. त्याचे कारण साधे आहे. इंग्रज न्यायाधीश आपली नोकरीची वर्षे भरली की पेन्शन घेऊन बोटीवर चढत. त्यांची अखेर बहुधा इंग्लंडातील एखाद्या शांत गावी होई, आणि तेथील बातमी मुंबईस पोहोचेपर्यंत त्यांस ओळखणारे वकीलही विरळ झालेले असत. त्यांच्या वाट्यास येथे निरोपाची भाषणे येत. एतद्देशीय न्यायाधीशास परतून जावयास दुसरा देश नव्हता. आणि पहिल्या पिढीतील ही माणसे, विद्याभ्यास, वकिली, सार्वजनिक कार्य आणि न्यायदान यांचा भार एकाच देहावर घेतल्यामुळे म्हणा किंवा निव्वळ दैवयोगाने म्हणा, विलक्षण लवकर गेली.

कलकत्त्यास तेथील उच्च न्यायालयाचे पहिले हिंदी न्यायाधीश शंभुनाथ पंडित हे १८६३ मध्ये नेमले गेले आणि १८६७ मध्ये पदावर असतानाच वारले. त्यांच्या जागी आलेले द्वारकानाथ मित्र हे १८७४ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, तसेच पदावर असताना गेले. मुंबईची कथा याहून ठळक आहे. येथील पहिले कायम हिंदी न्यायाधीश नानाभाई हरिदास. ते १८८४ साली कायम झाले आणि १८८९ साली निवर्तले. त्यांच्या जागी काशिनाथ त्रिंबक तेलंग आले. ते १ सप्टेंबर १८९३ रोजी, त्रेचाळीस वर्षे पुरी होऊन दोन दिवस झाले असता, गेले. तेलंगांच्या जागी महादेव गोविंद रानडे आले. ते १६ जानेवारी १९०१ रोजी गेले. मध्यंतरी १८९५ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी यांची नेमणूक झाली होती. ते १९०६ च्या ऑगस्टात, रजेवर लंडनमध्ये असताना, अकस्मात हृदयविकाराने निधन पावले. म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या चार कायम हिंदी न्यायाधीशांपैकी एकालाही निवृत्तीचे भाषण ऐकावयास मिळाले नाही. चौघांसाठीही वकील उभे राहिले ते दुखवट्याकरिता.

राजसत्ता परक्यांची, मुख्य न्यायाधीश इंग्रज, ॲडव्होकेट जनरल बहुधा इंग्रज, आणि ज्याच्याविषयी बोलावयाचे तो एतद्देशीय, अशी ती रचना होती. त्या काळी हिंदी मनुष्याच्या योग्यतेविषयी सरकारी तोंडून जाहीर उद्गार निघण्याचे प्रसंग थोडे असत, आणि जे असत त्यांत किताबाची कृपा आणि दरबाराचा वर्ख पुष्कळ असे. न्यायासनावरून होणारे भाषण निराळे होते. ते करणारा मनुष्य मृताच्या शेजारी वर्षानुवर्षे बसलेला असे. त्याच्या टिपणांची, शंकांची, निकालपत्रांची त्यास नित्य सवय झालेली असे. आणि ज्यांच्यापुढे तो बोलत असे ते वकील अतिशयोक्ती तत्काळ ओळखणारे असत. म्हणून त्या भाषणांतील स्तुतीस, ती कितीही साचेबंद असली तरी, साक्षीची किंमत होती.

रानड्यांच्या बाबतीत हे विशेषच जाणवते. १९०१ च्या जानेवारीत त्यांनी प्रकृतीमुळे सहा महिन्यांची रजा घेतली होती. रजा सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. त्या वेळचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स हे कायद्याच्या ज्ञानाविषयी आणि स्वतंत्र बाण्याविषयी सारखेच प्रसिद्ध होते. त्यांनी रानड्यांविषयी जे सांगितले त्याचा सारांश असा की, त्यांच्या ठायी सखोल विद्वत्ता आणि सहानुभूती यांचा संगम होता, मर्म जाणण्याची त्यांची शक्ती उच्च कोटीची होती, योग्य तेच करावे अशी त्यांस तीव्र तळमळ होती, सहकाऱ्यांस त्यांचे मत अत्यंत मोलाचे वाटे, आणि त्यांचे निर्णय हेच पुढे त्यांच्या व्यासंगाचे स्मारक होऊन राहतील. यांत एकही आलंकारिक वाक्य नाही. सहानुभूती हा गुण मुख्य न्यायाधीशाने न्यायाधीशाच्या वर्णनात विद्वत्तेच्या बरोबरीने घालावा, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कारण ऋणको कुणब्याच्या कज्जांत जन्म घालविलेल्या मनुष्याचे मर्म तिच्यात आले आहे.

परंतु त्या उद्गारांत जे आले नाही तेही महाराष्ट्रीय वाचकास ठाऊक असते. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या सुमारास, १८७९ साली, याच रानड्यांची नाशिकहून धुळ्यास बदली झाली होती. तेथे त्यांची टपाल फोडून पाहिली जात असे, आणि फडक्यांच्या नावाची बनावट पत्रे धाडून त्यांची परीक्षा घेण्याचा प्रकार झाला, हे रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेविले आहे. ज्या सरकारने एके काळी त्यांची पत्रे वाचली त्याच सरकारच्या सर्वोच्च न्यायासनावरून बावीस वर्षांनी त्यांचा गौरव व्हावा, आणि त्या गौरवात त्या पत्रांचा उल्लेख असू नये, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. दुखवट्याच्या बैठकीत उलटतपासणी नसते. मौज अशी की, न्यायालयाने दिलेली मानवंदना महाराष्ट्राने एका परीने कायमची करून टाकली: पुढे कितीतरी मराठी माणसे उच्च न्यायालयात बसली, सर्वोच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तिपदावर चढली, पण ‘न्यायमूर्ती’ हा शब्द ज्याच्या नावाचाच अवयव झाला असा पुरुष एक रानडेच.

आज हा विधी बव्हंशी निवृत्त न्यायाधीशांसाठी होतो, आणि तेथेच त्याची शोभा थोडी उतरते. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशास बासष्टाव्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशास पासष्टाव्या वर्षी निवृत्त व्हावे लागते; पुढे वीस-पंचवीस वर्षांचे आयुष्य लाभले तर दुखवट्याच्या दिवशी त्यांच्यापुढे काम केलेला वकील कक्षात शोधावा लागतो. मग भाषणे माहितीपत्रकावरून होतात: जन्म अमुक गावी, शिक्षण अमुक महाविद्यालयात, सनद अमुक साली, अतिरिक्त न्यायाधीश म्हणून नेमणूक, त्यानंतर कायम, मग दोन-तीन गाजलेल्या निकालांची नावे, शेवटी स्वभावातील सौम्यता आणि नवोदित वकिलांस दिलेले उत्तेजन. न्यायाधीश तापट असेल तर तो ‘शिस्तप्रिय’ होतो, आणि ज्याच्यापुढे प्रकरणे वर्षानुवर्षे पडून राहिली तो ‘साक्षेपी’ ठरतो. ही भाषा ऐकून जुन्या वकिलांच्या बाकावर कधी कधी डोळ्यांच्या कोपऱ्यातून एकमेकांकडे पाहिले जाते. तरी या साच्याची मी फारशी निंदा करणार नाही. साचा आहे म्हणूनच ज्यांना वक्तृत्व नाही त्यांनाही नीटपणे बोलता येते, आणि सामान्य न्यायाधीशालाही असामान्याइतकीच दोन मिनिटे मिळतात. लग्नाच्या मंगलाष्टकांत वधूवरांच्या गुणांची छाननी कोणी करीत नाही, तसेच हे आहे.

मात्र साच्याच्या आतही माणूस आपली ओळख ठेवतो. मुंबई राज्याचे आणि पुढे महाराष्ट्राचे महाधिवक्तापद होरमसजी माणेकजी सीरवाई यांच्याकडे १९५७ पासून १९७४ पर्यंत होते. एवढा दीर्घ काळ या बैठकींत प्रथम बोलण्याचा मान त्या पदाच्या हक्काने त्यांचा होता. न्यायालयाच्या निकालांवर इतकी सडेतोड टीका करणारा दुसरा भाष्यकार या देशात क्वचितच झाला असेल. मनुष्य आणि त्याचा निकाल यांत भेद करण्याचा जो विवेक या विधीला लागतो, तो असल्या पंडिताच्या अंगी असावा हे स्वाभाविकच होय. वकिलांच्या निधनानंतरही अशाच बैठका भरतात, आणि पुष्कळदा त्या अधिक जिवंत असतात; कारण वकिलाच्या गोष्टी असतात, न्यायाधीशाचे निकाल असतात.

स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयावर हा प्रसंग फार लवकर आला. पहिले सरन्यायाधीश हरिलाल कणिया हे मुंबई उच्च न्यायालयातून गेलेले. २६ जानेवारी १९५० रोजी त्यांनी पद स्वीकारले आणि ६ नोव्हेंबर १९५१ रोजी ते पदावर असतानाच निवर्तले. सर्वोच्च न्यायालयास तेव्हा स्वतःची वास्तूही नव्हती; संसद भवनातील नरेंद्र मंडळाच्या दालनात ते भरत असे, आणि संस्थाने विलीन झाल्यामुळे रिकाम्या पडलेल्या त्या दालनातच न्यायासनाने आपला पहिला प्रमुख गमावला. कणियांप्रमाणेच तेव्हाचे महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड हेही मुंबईच्याच वकीलवर्गातले. पदावर असताना निधन पावलेले दुसरे सरन्यायाधीश सब्यसाची मुखर्जी. ते १९९० च्या सप्टेंबरात लंडनमध्ये वारले. न्यायालयाला सुट्टी असेल तर दुखवटाही तहकूब राहतो. मूळचे साताऱ्याचे माजी सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर हे १२ जून १९८१ रोजी, म्हणजे दिल्लीच्या न्यायालयाच्या ऐन उन्हाळी सुट्टीत निवर्तले. अशा वेळी कक्ष पुन्हा उघडेपर्यंत शोकालाही तारीख पडते.

जिल्हा आणि तालुका न्यायालयांत हाच विधी निराळ्या रूपाने आढळतो, आणि त्याविषयी चार कडू शब्द लिहिणे भाग आहे. तेथे वकीलसंघाचा दुखवट्याचा ठराव झाला की उरलेल्या दिवसाचे काम बंद, असा शिरस्ता पुष्कळ ठिकाणी पडला होता. पहाटेची एस.टी. पकडून, मजुरी बुडवून आलेला पक्षकार दुपारी बारा वाजता ‘आज काम नाही’ एवढे ऐकून परत जातो. त्यास मृत मनुष्याचे नावही ठाऊक नसते. देशातील काही भागांत या निमित्तांची व्याप्ती इतकी वाढली की, विधी आयोगाने २०१७ साली आपल्या २६६ व्या अहवालात वकिलांच्या कामबंदीची कारणे नोंदविताना नेपाळचा भूकंप आणि पाकिस्तानातील शाळेवरील हल्ला यांचाही निर्देश केला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये उत्तराखंडातील प्रकरणात या प्रकारास स्पष्ट शब्दांत अवैध ठरविले. अलीकडे अनेक न्यायालयांत दुखवट्याची वेळ दिवसाच्या अखेरीस, काम आटोपल्यावर ठेवतात. हे योग्यच झाले. जो न्यायाधीश हयातभर तहकुबीवर चिडला, त्याच्या मानार्थ शंभर प्रकरणे तहकूब व्हावीत, यात त्याचा मान कोणता?

मुंबईत या बैठका ज्या कक्षात भरण्याची वहिवाट आहे, तो मध्यवर्ती कक्ष, वकिलांच्या तोंडचे ‘सेंट्रल कोर्ट’, म्हणजे कर्नल फुलर यांनी आखलेल्या आणि १८७९ च्या जानेवारीपासून वापरात आलेल्या त्या गॉथिक धाटणीच्या इमारतीचे हृदय. १९०८ च्या जुलैत लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाचा खटला याच कक्षात चालला. न्यायाधीश दिनशा दावर हे होते. अकरा वर्षांपूर्वी, १८९७ च्या खटल्यात, टिळकांच्या जामिनासाठी बॅरिस्टर म्हणून तेच उभे राहिले होते आणि तय्यबजींनी तो जामीन दिला होता. दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली. शिक्षेपूर्वी टिळकांनी काढलेले उद्गार आज त्या कक्षाच्या बाहेर संगमरवरावर कोरलेले आहेत. टिळकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९५६ मध्ये, मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांनी त्या शिलालेखाचे अनावरण केले, आणि ज्या कृत्यांबद्दल टिळकांस शिक्षा झाली ती आपल्या देशासाठी लढण्याचा त्यांचा हक्कच होता, अशा आशयाचे भाषण केले. न्यायालयाने आपल्याच न्यायाधीशाच्या निकालाविरुद्ध, आणि आपणच दोषी ठरविलेल्या आरोपीच्या बाजूने, आपल्याच भिंतीवर नोंद करावी, असे उदाहरण अन्यत्र सहसा सापडणार नाही. दिवंगत न्यायाधीशांस श्रद्धांजली वाहावयास जाणाऱ्या प्रत्येकास त्या शिलालेखावरूनच आत जावे लागते.

छागला स्वतः ९ फेब्रुवारी १९८१ रोजी गेले, आणि १९८५ मध्ये त्याच इमारतीत त्यांचा पुतळा बसला. पुतळे आणि तैलचित्रे हा सन्मानाचा दुसरा प्रकार; तो सर्वांच्या वाट्यास येत नाही, येऊही नये. दिल्लीस न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे चित्र दोन क्रमांकाच्या न्यायकक्षात १९७८ च्या अखेरीस लागले, तेव्हा ते हयात होते आणि पुढे जवळजवळ तीस वर्षे हयात राहिले. आणीबाणीतील बंदींस न्यायालयात दाद मागण्याचा हक्क उरतो की नाही, या प्रश्नावर २८ एप्रिल १९७६ रोजी पाचांपैकी चौघांनी नकारार्थी निकाल दिला असता एकट्या खन्नांनी विरोधी मत नोंदविले होते, आणि पुढे सेवाज्येष्ठता डावलली गेल्यावर पदाचा राजीनामा दिला होता.

त्या चौघांत न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड होते. ते पुढे सात वर्षांहून अधिक काळ सरन्यायाधीश राहिले. इतका काळ ते पद दुसऱ्या कोणी भूषविलेले नाही. खन्ना २५ फेब्रुवारी २००८ रोजी निवर्तले आणि चंद्रचूड त्याच वर्षी १४ जुलै रोजी. एकाच वर्षात, एकाच न्यायालयाने, एकाच विधीने आणि बहुतांशी एकाच शब्दसंग्रहाने दोघांनाही निरोप दिला, आणि तसे करणेच उचित होते. १९७६ च्या निकालाचा हिशेब २४ ऑगस्ट २०१७ रोजी झाला. खासगीपणाचा हक्क मूलभूत आहे असे ठरविणाऱ्या नऊ न्यायाधीशांच्या पीठापैकी स्वतःसह चौघांच्या वतीने लिहिताना, बहुमताचे ते चारही अभिप्राय गंभीर चुकांनी युक्त होते, असे सांगून तो निकाल रद्द करणारा परिच्छेद ज्यांनी लिहिला, ते न्यायमूर्ती धनंजय यशवंत चंद्रचूड होते.